साठ दिवसांची नोटीस कपाटात ठेवून चालणार नाही

पत्र कासारवडवलीहून आलं आहे. नाव छापू नका अशी विनंती आहे. थोडक्यात मजकूर असा :

"अडीच वर्षांपूर्वी घोडबंदर रोडला वन बीएचके घेतला, माझ्या आणि मिस्टरांच्या नावावर. बँकेचं कर्ज ४३ लाख, हप्ता ३८ हजार. वागळे इस्टेटमधलं मिस्टरांचं युनिट बंद पडलं. काही महिने घरी बसल्यावर आता ते महापेला लागलेत, पण ७२ हजारांच्या जागी ४८ हजारांवर. माझ्या शिकवण्यांचे १२ हजार येतात. पाच हप्ते थकले. तीन आठवड्यांपूर्वी बँकेची नोटीस आली की ६० दिवसांत सगळेच ४१ लाख भरा. मिस्टरांनी ती कपाटात टाकली, विषय काढला की उठून जातात. माझा भाचा न्यू जर्सीला असतो. तो म्हणतो, मावशी, घाबरू नकोस, बँकेला आधी कोर्टात जावं लागतं, दोन-तीन वर्षं तुम्हाला कोणी हलवत नाही. वसुलीवाले रात्री नऊ वाजताही फोन करतात. बिल्डिंगमधला एक एजंट म्हणतो, माझ्याकडून टोकन घ्या आणि फ्लॅट देऊन टाका. सासूबाईंची अडीच लाखांची एफडी आहे, ती मोडू का? आणि एक शेवटचं. सासऱ्यांनी २०१७ साली चुलत दिरांना ६ लाख दिले होते, त्यांच्या बदलापूरच्या घराचं रजिस्टर गहाणखत करून, तीन वर्षांत परत करायच्या बोलीवर. एक रुपया आला नाही. ते घर आपण ताब्यात घेऊ शकतो का?"

ताई, नमस्कार.

आधी भाच्याचं बघू, कारण त्याच्या सांगण्यावर तुम्ही तीन आठवडे निर्धास्त राहिलात. तो खोटं बोललेला नाही. तो जिथे राहतो तिथे तसंच आहे. अमेरिकेत काही राज्यांत कर्जबुडीचं घर विकायला कर्ज देणाऱ्याला न्यायालयात दावा लावावाच लागतो. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, फ्लोरिडा ही त्यातलीच. तिथल्या संघीय नियमानुसार हप्ता थकून १२० दिवस उलटल्याशिवाय बँकेला साधारणपणे पहिलं पाऊलच टाकता येत नाही. न्यू जर्सीत दावा लावण्याआधी किमान ३० दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. दावा लागला की कर्जदाराला उत्तर द्यायला ३५ दिवस मिळतात. मग न्यायालय हिशेब तपासतं, अंतिम निकाल देतं, आणि त्यानंतर शेरीफ म्हणून जो अधिकारी असतो तो लिलाव करतो. लिलाव झाल्यावरही १० दिवसांत सगळी रक्कम भरून घर सोडवता येतं. कर्जदाराने हरकत घेतली तर यात वर्षं जातात. टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात मात्र बहुतेक घरं न्यायालयाबाहेरच विकली जातात. म्हणजे तुमचा भाचा उद्या ह्यूस्टनला राहायला गेला तर त्याचाही सल्ला बदलेल.

तुमचं घर ठाण्यात आहे आणि त्याला लागू होतो २००२ चा सरफेसी कायदा. या कायद्यानं बँकेला तारण मालमत्ता दिवाणी न्यायालयात न जाता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार दिला आहे. इतकंच नव्हे, तर या कारवाईविरुद्ध दिवाणी न्यायालयात मनाई मागायची सोयही कलम ३४ ने बंद केली आहे. सरकारी बँक, खासगी बँक, गृहकर्ज कंपनी सगळे यात येतात. सहकारी बँका येतात का यावर बरीच वर्षं वाद होता, तो सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली मिटवला : त्याही येतात. तेव्हा कोर्टाच्या समन्सची वाट बघू नका. ते येणारच नाही. जे यायचं होतं ते आलंय आणि तुमच्या कपाटात आहे.

तो कागद आज बाहेर काढा. लेटरहेडखाली कलम १३(२) असा उल्लेख असेल, खाली 'प्राधिकृत अधिकारी' म्हणून सही असेल. त्यात चार गोष्टी शोधा : नोटिशीची तारीख, खातं एनपीए, म्हणजे बुडीताकडे झुकलेलं थकीत खातं, ठरल्याची तारीख, मागितलेली रक्कम आणि फ्लॅटचं वर्णन. ६० दिवस नोटिशीच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही पाकीट उघडलं त्या दिवसापासून नव्हे. मग पासबुक किंवा खाते उतारा घेऊन बसा. थकबाकी ९० दिवसांच्या वर गेली की खातं एनपीए होतं, तर तुमची तारीख त्या हिशेबात बसते का? मधल्या काळात भरलेला एखादा अर्धवट हप्ता जमा धरलाय का? दंड कसा लावलाय? १ एप्रिल २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार थकलेल्या हप्त्यावर दंडव्याज लावता येत नाही, दंडाची ठरावीक रक्कम लावता येते आणि त्या रकमेवर पुन्हा व्याज चढवता येत नाही. फ्लॅट नंबर, विंग, मजला बरोबर आहे का हेही बघा. चूक सापडली म्हणून कर्ज माफ होत नाही, पण लेखी हरकतीला आधार मिळतो.

ती लेखी हरकत या आठवड्यातच जायला हवी. कलम १३(३ए) खाली कर्जदाराला नोटिशीला उत्तर देण्याचा हक्क आहे आणि ते मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेने, तुमचं म्हणणं मान्य नसेल तर, कारणं देऊन कळवणं बंधनकारक आहे. पुष्कळ कर्जदार हा हक्क वापरतच नाहीत, आणि मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्याला वकीलही लागत नाही. साध्या मराठीत लिहा. नोकरी कधी गेली, नवी कधी लागली, आज घरात किती येतात, हिशेबात काय चुकलंय, आणि तुम्ही काय करू शकता. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. नुसतं 'मुदत द्यावी ही विनंती' लिहून भागत नाही. 'अमुक तारखेला इतके, त्यानंतर दरमहा इतके' असं लिहा. जुन्या कंपनीचं पत्र आणि नव्या नोकरीचं नियुक्तिपत्र जोडा. एक प्रत स्पीड पोस्टाने प्राधिकृत अधिकाऱ्याच्या नावे पाठवा, दुसरी शाखेत नेऊन तिच्या झेरॉक्सवर इनवर्डचा शिक्का, तारीख आणि सही घ्या. शाखेतला माणूस म्हणेल, 'मॅडम, तुम्ही बोललात ना, मी नोंद केलीय.' शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. सहकर्जदार तुम्हीही आहात, तेव्हा मिस्टर येवोत न येवोत, तुमच्या एकटीच्या सहीनेही हे पत्र जाऊ शकतं.

बँकेने तुमचं म्हणणं फेटाळलं, तर नुसत्या त्या उत्तराविरुद्ध कर्ज वसुली न्यायाधिकरणात जाता येत नाही. पण पुढे गेलात तर हा कागद तुमच्या बाजूने बोलतो.

आता एफडी. नोटिशीत ४१ लाख मागितलेत म्हणून तुम्ही हबकला आहात, पण थकबाकी आहे पाच हप्त्यांची, म्हणजे १ लाख ९० हजार आणि वरचे आकार. एनपीए झालेल्या खात्यात एक-दोन हप्ते भरून खातं सुधारत नाही. सगळी थकबाकी, मुद्दल आणि व्याज दोन्ही, शून्यावर आली तरच ते पुन्हा नियमित होतं. तशी ती भरली तर बहुतेक बँका पुढची कारवाई थांबवतात, मात्र तसं पत्र बँकेकडून मागून घ्या. म्हणजे अडीच लाखांच्या एफडीत हे बसतं. तरीही मी 'मोडा' असं लगेच म्हणणार नाही.

कारण पुढच्या महिन्याचं काय? घरात ६० हजार येतात, त्यातले ३८ हजार हप्त्याला. उरलेल्या २२ हजारांत सोसायटीचा मेंटेनन्स, वीज, मुलांची फी, सासूबाईंची औषधं. मुदत वाढवून हप्ता कमी करून घेता येईल का, हा प्रश्न बँकेला जरूर विचारा. पण आकडा आधीच सांगतो. पावणेनऊ टक्के व्याज धरलं आणि ४१ लाखांचं कर्ज नव्याने २५ वर्षांवर नेलं तरी हप्ता ३३ हजार ७०० च्या आसपास येतो. सुटतात चार-साडेचार हजार. आणि मिस्टरांचं वय पंचेचाळिशीच्या पुढे असेल तर २५ वर्षं मिळणंही अवघड, कारण बँका कर्जाची मुदत कमावत्या वयापलीकडे सहसा नेत नाहीत.

म्हणून तुम्ही दोघांनी बसून एकाच प्रश्नाचं उत्तर शोधा : पुढचं वर्षभर दर महिन्याला हप्ता भरता येईल का? त्याचं उत्तर खरोखर 'हो' असेल, म्हणजे मिस्टरांचा पगार वाढायची चिन्हं आहेत, तुमच्या शिकवण्या वाढतायत, तर एफडी मोडा, थकबाकी पूर्ण भरा आणि पत्र घ्या. उत्तर 'बघू' असेल तर सासूबाईंचे पैसे घालू नका. सहा महिन्यांनी पुन्हा हीच नोटीस येईल आणि तेव्हा एफडीही नसेल.

दुसऱ्या उत्तराच्या बाबतीत माझं स्पष्ट मत आहे : फ्लॅट तुम्हीच विका, आणि आत्ताच विका. तुमच्या भागात अशा फ्लॅटला ७० लाखांच्या आसपास भाव मिळत असेल, तर बँकेचे ४१-४२ लाख जाऊन, खर्च वजा जाता पंचवीसेक लाख तुमच्या हातात राहतात. कळवा-खारेगावला किंवा डोंबिवलीला भाड्याने राहून पुन्हा सुरुवात करता येते. हाच फ्लॅट लिलावात गेला तर त्याची किमान किंमत बँकेचा मूल्यांकनकार ठरवणार, तो विकला जाणार 'जेथे आहे, जसे आहे' तत्त्वावर, आणि असा व्यवहार घ्यायला येणारा माणूस स्वस्त मिळावं म्हणूनच येतो. जाहिरातीचा, ताब्याचा खर्चही विक्रीच्या रकमेतूनच वजा होतो. त्यातून उरलेली रक्कम तुम्हाला परत देणं बँकेवर बंधनकारक आहे, आणि कमी पडली तर फरकासाठी ती तुमच्या मागे लागू शकते.

पण त्या एजंटच्या टोकनला हात लावू नका. १३(२) ची नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय फ्लॅट विकणं, भाड्याने देणं कलम १३(१३) ने मना आहे. बरोबर रस्ता असा : शाखेला लेखी कळवा की आम्ही स्वतः विकून कर्ज फेडू इच्छितो, संमती द्या. सोबत फोरक्लोजर लेटर मागा, म्हणजे ठरावीक तारखेला कर्ज पूर्ण बंद करायला किती भरायचे त्याचा हिशेब, आणि बँकेकडे असलेल्या मूळ कागदपत्रांची यादी. बदलत्या व्याजदराच्या घरकर्जाला वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही, तेव्हा त्या पत्रात तसला आकार दिसला तर तो काढायला लावा. खरेदीदार स्वतः कर्ज घेणारा असेल तर त्याची बँक तुमच्या बँकेला थेट चेक देते आणि मूळ करारनामा एका बँकेकडून दुसरीकडे जातो. ठाण्यात असे व्यवहार रोज होतात. यात दीड-दोन महिने सहज जातात, म्हणून घाई करायला सांगतोय.

घाईचं दुसरं कारण जास्त गंभीर आहे. ते समजायला पुढचा क्रम माहीत हवा.

६० दिवस संपले की बँक कलम १३(४) खाली ताबा घेते. हा पहिला ताबा बहुधा कागदोपत्री असतो, त्याला सांकेतिक ताबा म्हणतात. दोन माणसं येतात, बाहेरच्या दारावर 'ताबा सूचना' चिकटवतात, तिचा फोटो काढतात, निघून जातात. तुम्ही घरातच राहता. सात दिवसांच्या आत तीच सूचना दोन वर्तमानपत्रांत छापून येते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. 'सर्वसामान्य जनतेस इशारा देण्यात येतो की सदर मालमत्तेशी कोणताही व्यवहार करू नये' हे वाक्य आपण सगळ्यांनी पेपरात ओलांडून वाचलेलं असतं. त्याखाली आपलं नाव, आपली विंग दिसली की माणूस खचतो. पण खचायला वेळ नसतो, कारण ताबा घेतल्याच्या तारखेपासूनच दुसरं घड्याळ चालू झालेलं असतं : ४५ दिवस, कलम १७ खाली कर्ज वसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत अर्ज करायचे.

प्रत्यक्ष ताब्यासाठी, तुम्ही स्वतः किल्ली दिली नाहीत तर, बँक कलम १४ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. ठाण्यात दोन्ही ठिकाणं कोर्ट नाक्यालाच आहेत. पुष्कळांची इथे समजूत होते की 'कलेक्टर साहेब आमचंही ऐकून घेतील'. तसं होत नाही. दंडाधिकारी बँकेच्या प्रतिज्ञापत्रातल्या बाबी तपासतात आणि आदेश देतात, तुमचं-बँकेचं भांडण ते सोडवत नाहीत. कायद्यात त्यासाठी ३० दिवस दिलेत, कारणं नोंदवून एकूण ६० पर्यंत. प्रत्यक्षात कधी जास्त लागतात, पण त्या उशिरावर विसंबून संसार चालवू नका. आदेश झाला की महसूल खात्याचा अधिकारी किंवा नेमलेला वकील पोलीस घेऊन येतो, सामानाची यादी करतो, पंचनामा होतो आणि दाराला सील लागतं.

मग लिलाव. बँक मूल्यांकन करून किमान किंमत ठरवते, तुम्हाला ३० दिवसांची विक्रीची नोटीस देते आणि लिलावाची जाहिरात देते. पहिला लिलाव फसला तर पुढच्या वेळी १५ दिवस पुरतात. बोली जिंकणाऱ्याने त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी २५ टक्के आणि विक्री कायम झाल्यावर साधारण १५ दिवसांत बाकीचे भरायचे असतात.

आता ते गंभीर कारण. पूर्वी कर्जदाराला शेवटच्या क्षणापर्यंत, विक्रीचा दाखला रजिस्टर होईपर्यंत पैसे भरून घर सोडवता येत असे. २०१६ साली कलम १३(८) बदललं. लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होण्यापूर्वी सगळी रक्कम भरलीत तरच घर सुटतं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेलीर विरुद्ध बाफना मोटर्स या खटल्यात हे ठाम केलं की जाहिरात आली की सोडवणुकीचा हक्क संपला. तो वाद आपल्या नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्याच एका भूखंडाचा होता. कर्जदाराने लिलावानंतर सगळे पैसे आणले होते, तरी भूखंड बोली जिंकणाऱ्यालाच गेला. म्हणून म्हणतो, ताई, खरेदीदार शोधायचा तो आत्ता. जाहिरात आल्यावर ७५ लाख देणारा माणूस दारात उभा राहिला तरी बँकेला नाही म्हणता येतं.

डीआरटीबद्दल दोन शब्द, कारण कोणीतरी तुम्हाला 'स्टे आणून देतो' म्हणून गाठेलच. मुंबईचं तिसरं डीआरटी वाशीत, सेक्टर ३० ए मध्ये टेलिफोन एक्स्चेंजच्या इमारतीत बसतं. कलम १७ च्या अर्जाला थकबाकीची काही टक्के रक्कम आधी भरण्याची अट नाही, शुल्क तेवढं भरावं लागतं. बँकेने नोटीस नीट बजावली नाही, तुमच्या हरकतीला उत्तर दिलं नाही, हिशेब चुकवला, ताबा सूचना पेपरात दिली नाही, अशा गोष्टी तिथे तपासल्या जातात आणि खरोखर चूक निघाली तर ताबा परतही मिळतो. 'आमची नोकरी गेली' हे मात्र तिथे चालणारं कारण नाही. तिथे हरल्यावर अपील करायचं तर देणं रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते, अपील न्यायाधिकरणाने सवलत दिली तरी २५ टक्क्यांखाली नाही. ४१ लाखांचे २५ टक्के म्हणजे सव्वादहा लाख. तेव्हा जे काय मांडायचं ते पहिल्याच पायरीवर नीट मांडावं लागतं. वकिलासाठी पैसे नाहीत म्हणून मागे राहू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. ठाणे जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे नोटीस आणि आधार कार्ड घेऊन जा.

रात्री नऊचा फोन सरळ नियमाबाहेरचा आहे. रिझर्व्ह बँकेने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायला मनाई केली आहे. धमकी, शेजाऱ्यांसमोर पाणउतारा, नातेवाइकांना फोन हेही मना. तारीख, वेळ, नंबर वहीत लिहून ठेवा आणि बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पैसे पडत नाहीत. आणि हे पक्कं लक्षात ठेवा : वसुलीला आलेला माणूस दाराला कुलूप लावू शकत नाही, किल्ली मागू शकत नाही. त्याने पुढे केलेल्या 'स्वखुशीने ताबा देत आहोत' असल्या कागदावर सही करू नका, सासूबाईंनाही सांगून ठेवा.

बँकेची बाजूही ऐकून घ्या, वाटाघाटीला उपयोग होतो. खातं एनपीए राहिलं की बँकेला नफ्यातून तरतूद बाजूला काढावी लागते. ताबा, जाहिरात, पहारा, वकील हा खर्च तिला आधी स्वतः करावा लागतो, आणि रिकामा फ्लॅट सांभाळणं हा तिचा धंदा नाही. थकबाकी भरून खातं नियमित करणारा किंवा स्वतः विकून पूर्ण रक्कम आणणारा कर्जदार तिला लिलावापेक्षा केव्हाही परवडतो. म्हणून शाखा व्यवस्थापकासमोर हात जोडून बसू नका, आकडे आणि तारखा घेऊन बसा.

आता सासऱ्यांचे सहा लाख. इथे गंमत नाही, पण योगायोग असा की भाच्याने सांगितलेला न्यायालयाचा रस्ता तुमच्या घराला लागू नसला तरी बदलापूरच्या घराला लागू आहे, आणि तिथे कर्ज देणारे तुम्ही आहात. सरफेसीचा अधिकार बँकांना आणि ठरावीक वित्तसंस्थांना आहे, खासगी माणसाला नाही. साध्या गहाणखतावर, म्हणजे घराचा ताबा मालकाकडेच ठेवून केलेल्या गहाणावर, घर परस्पर ताब्यात घेणं, कुलूप लावणं, भाडेकरू ठेवणं यातलं काहीही करू नका. चुलत दीर पोलिसांत गेले तर तुमचीच बाजू पडेल.

तिथे रस्ता आहे दिवाणी दाव्याचा, १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३४ यांखाली. घर ज्या न्यायालयाच्या हद्दीत येतं तिथे दावा लावायचा. साध्या गहाणात 'घर आम्हाला द्या' असं मागता येत नाही, 'घर विकून आमचे पैसे द्या' असं मागता येतं. न्यायालय हिशेब करून प्राथमिक हुकूमनामा देतं आणि पैसे भरायला सहा महिन्यांपर्यंत मुदत देतं, कारण असेल तर ती वाढवतंही. नाही भरले तर तुम्ही अंतिम हुकूमनाम्यासाठी अर्ज करायचा, मग न्यायालयामार्फत विक्री. आणि विक्री झाल्यावरही, ती न्यायालयाने कायम करेपर्यंत, चुलत दीर सगळी रक्कम आणि खरेदीदारासाठी विक्रीच्या किमतीच्या ५ टक्के जास्त भरून घर सोडवू शकतात. तुमच्या फ्लॅटला जो हक्क जाहिरातीबरोबर संपतो, तो त्यांच्या घराला इतक्या उशिरापर्यंत राहतो. मला स्वतःला हा फरक न्याय्य वाटत नाही. वर्षानुवर्षं हप्ते भरलेल्या कुटुंबाला निदान बोली लागेपर्यंत तरी संधी असायला हवी होती. पण आज कायदा असा आहे आणि त्याप्रमाणेच पावलं टाकावी लागतील.

मुदतीचं म्हणाल तर गहाणाच्या पैशासाठी दावा लावायला पैसे देय झाल्यापासून १२ वर्षं मिळतात. २०१७ चं गहाणखत, तीन वर्षांची बोली, म्हणजे पैसे २०२० साली देय झाले आणि मुदत २०३२ पर्यंत आहे. चुलत दिरांनी मधे 'देणं आहे, देतो' असं सही करून लिहून दिलं तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजता येते. मात्र हा दावा तुमच्या आजच्या अडचणीला वेळेवर पोचणार नाही, त्यात वर्षं जातील. म्हणून आधी वकिलामार्फत एक नोटीस पाठवा आणि तडजोडीला बोलवा. सहाच्या जागी आता चार लाख देऊन बाकीचं पुढे द्यायला ते तयार झाले, तर लेखी घेऊन मान्य करा. ते चार लाख आज आले तर सासूबाईंची एफडी तशीच राहते आणि पाच हप्त्यांची थकबाकीही फिटते.

मिस्टरांना हे वाचायला द्या, पण त्यांच्या होकारासाठी पत्र अडवून ठेवू नका. नोकरी गेलेल्या माणसाला त्या कागदाकडे बघणंही जड जातं, आणि त्यात तुमचा-त्यांचा दोष नाही. उद्या सकाळी खाते उतारा काढा, रात्री दोघांनी हिशेब लिहा, आणि शनिवारच्या आत हरकतीच्या प्रतीवर बँकेचा शिक्का घ्या. दुसरा आणि चौथा शनिवार बँक बंद असते, तेवढं कॅलेंडर बघून जा.